विश्लेषण : सोसायटीच्या बागेत कोल्हा आला, आता काय करायचे?

रात्री साडेअकराची वेळ. सोसायटीच्या बागेतल्या बाकाशेजारून एक करडा-पिवळसर प्राणी शांतपणे चालत जातो. वॉचमन टॉर्च मारतो, दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी व्हिडीओ काढते आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. ‘वन विभागाला बोलवा आणि पकडून न्यायला सांगा,’ असे एक गट म्हणतो. ‘बिचारा उपाशी असेल, काहीतरी खायला ठेवा,’ असे दुसरा गट म्हणतो. खारघर, विक्रोळी, चेंबूर अशा खाडीलगतच्या भागांना हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. दोन्ही गटांचा हेतू वाईट नाही. पण दोन्ही उपाय चुकीचे आहेत, आणि दुसरा तर पहिल्याहून घातक आहे.

हा प्राणी नेमका कोणता?

मुंबई-नवी मुंबईत दिसतो तो सोनेरी कोल्हा. वजन साधारण आठ ते दहा किलो, म्हणजे रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्यापेक्षा कमीच. गोष्टींच्या पुस्तकांत आणि इंग्रजी चित्रपटांत दिसणारा झुपकेदार शेपटीचा तांबूस प्राणी वेगळा. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड; तो पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर राहतो. इसापनीतीतल्या त्या प्राण्यालाही मराठीत ‘कोल्हा’च म्हटले गेल्यामुळे हा गोंधळ झाला आहे.

कोल्हा कांदळवनात राहतो, जोडीने संसार करतो आणि आपला इलाखा राखतो. खेकडे, उंदीर, घुशी, पक्षी, किडे, मेलेले प्राणी आणि फळे असे काहीही त्याला चालते. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. थोडक्यात भागवणारा आणि मिळेल ते खाणारा हा प्राणी आहे. शहराच्या कुशीत तो टिकला तो याच गुणामुळे, आणि त्याची अडचण झाली तीही याच गुणामुळे.

तो बागेत का येतो?

‘आपणच त्याच्या घरात घुसलो’ आणि ‘तोच आपल्या घरात घुसला’ हा वाद कितीही रंगला, तरी त्यातून उपाय निघत नाही. फ्लॅट विकले गेले आहेत आणि कोल्हाही तिथेच आहे. विचारायला हवा तो प्रश्न साधा आहे : तो कशासाठी येतो?

उत्तर बहुतेक वेळा बागेतच सापडते. उघडे कचऱ्याचे डबे, खरकटे टाकलेला कंपोस्टचा खड्डा, मांजरांसाठी रात्रभर भरून ठेवलेली वाटी, भटक्या कुत्र्यांसाठी कंपाउंडच्या भिंतीलगत टाकलेला भात, झाडाखाली पडलेले चिकू आणि या सगळ्यावर पोसलेल्या घुशी. गुलाबाला घातलेल्या हाडांच्या खताचा वासही त्याला ओढतो. मग तो कुंड्या आणि वाफे उकरतो. आपण त्याला ‘उपद्रव’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती रोज रात्री उघडणारी खानावळ असते.

पकडून दूर सोडले तर?

सर्वाधिक मागणी याच उपायाची असते आणि सर्वांत कमी उपयोग याचाच होतो. एक कोल्हा नेला की त्याचा इलाखा रिकामा होतो. खानावळ चालूच असेल तर शेजारचा कोल्हा काही दिवसांत ती जागा घेतो. मादी पकडली गेली तर बिळातली पिल्ले उपासमारीने मरतात. नेलेला कोल्हा अनोळखी जागी, तिथल्या कोल्ह्यांच्या हद्दीत जाऊन पडतो. त्याला एखादा आजार असेल तर तोही त्याच्याबरोबर तिकडे पोहोचतो. म्हणजे पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, त्याचा पत्ता बदलतो.

हा धडा ब्रिटनने आपल्या आधी घेतला. तिथल्या शहरांत दोन महायुद्धांच्या दरम्यान बागांच्या घरांची उपनगरे उभी राहिली आणि तांबडे खोकड त्या बागांमध्ये शिरले. लंडनमध्ये अनेक वर्षे त्यांना मारून पाहिले. मारलेल्यांच्या जागी नवे येत राहिले आणि शेवटी त्या मोहिमा गुंडाळल्या गेल्या. आज तिथे बागवाल्यांना सांगितले जाते ते असे : डब्याला घट्ट झाकण लावा, शेडखालची पोकळी जाळीने बंद करा, हाडांचे खत टाळा, कोंबड्यांचे खुराडे पक्के करा, हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा बसवा. शिकाऱ्यापेक्षा झाकण जास्त कामाचे, असा या सगळ्याचा मथितार्थ.

खायला घातले तर बिघडते कुठे?

कोल्ह्याला खाऊ घालणारी माणसे प्रेमापोटी तसे करतात, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडायला हवा.

ब्रिस्टल शहरात लोकांनी हौसेने खाऊ घातल्यामुळे खोकडांची संख्या फार दाट झाली होती. १९९४ मध्ये तिथे खरजेची साथ शिरली आणि सुमारे दोन वर्षांत शहरातले ९५ टक्क्यांहून अधिक खोकड मेले. एकाच ताटावर जमलेले प्राणी एकमेकांना आजार देतात, हा त्याचा सरळ अर्थ.

आपल्याकडे तर खरजेपेक्षा भयंकर गोष्ट आहे, ती म्हणजे रेबीज. ब्रिटनमध्ये प्राण्यांतला रेबीज शंभर वर्षांपूर्वीच संपला, त्यामुळे लंडनकर बागेतल्या खोकडाकडे निवांत पाहू शकतो. आपण तसे पाहू शकत नाही. २०२४ च्या अखेरीस चेंबूर परिसरात मेलेल्या काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे तपासणीत आढळले. भारतात हा आजार मुख्यतः कुत्र्यांमार्फत पसरतो. कंपाउंडच्या भिंतीलगत टाकलेल्या भातावर रात्री कुत्री आणि कोल्हे एकत्र आले की भांडण होते, एक चावा पुरतो. कुत्र्यांमधला डिस्टेंपरही याच मार्गाने जंगली प्राण्यांत जातो.

शिवाय हातातून खायला मिळालेला कोल्हा माणसाची भीती विसरतो. मग तो संध्याकाळीच येतो, मुले खेळत असताना येतो, पिशवीकडे झेपावतो. त्या दिवशी त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. कालपर्यंत बिस्किटे टाकणारेही नाही. म्हणून म्हणावेसे वाटते की कोल्ह्यापुढे ठेवलेली वाटी ही दया नसून त्याच्या मरणाची तयारी आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आला आहे. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नव्हे. विष घालणे, सापळा लावणे, पकडणे आणि आमिष दाखवणे हेही शिकारीतच मोडते. शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून पिंजरा लावू’ असा ठराव करणाऱ्या समितीने हे कलम आधी वाचावे. कोल्हा माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका आजारी, जायबंदी असेल, तर निर्णयाचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे, सोसायटीच्या सचिवांचा नाही.

मग बागेत नेमके काय करायचे?

- ओला कचरा रात्री उघड्यावर ठेवू नका. डबे झाकणाचे हवेत आणि झाकणाला कडी हवी. कंपोस्ट बंद पिंपात करा; मासे-मटणाचे अवशेष त्यात टाकू नका.
- पडलेली फळे संध्याकाळी उचला. हाडांच्या खताऐवजी शेणखत किंवा गांडूळखत वापरा.
- कंपाउंडच्या भिंतीतील भगदाडे आणि गटाराची तोंडे मजबूत जाळीने बंद करा. कोल्हा खालून उकरतो, त्यामुळे कुंपणाची जाळी जमिनीत थोडी खोल गाडून बाहेरच्या बाजूला वळवा. मात्र आधी आत पिल्ले नाहीत याची खात्री करा. शंका असेल तर वन विभागाला विचारा.
- कांदळवनाकडे रात्रभर प्रखर दिवे लावू नका. हालचाल झाली की लागणारा दिवा पुरेसा आहे.
- कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडू नका, जागा आणि वेळ ठरवा. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ मध्ये अशी जागा ठरवण्याची तरतूद आहेच. ती खाडीच्या बाजूला नको, वेळ दिवसाची असावी आणि उरलेले अन्न लगेच उचलले जावे.
- पाळीव कुत्र्या-मांजरांचे रेबीजचे लसीकरण चुकवू नका. रात्री कुत्र्याला पट्ट्याशिवाय फिरवू नका.

समोर आला तर? चावला तर?

निरोगी कोल्हा माणूस दिसला की वाट बदलतो. त्याला जायला जागा द्या, घेराव घालू नका, दगड मारू नका, तोंडावर फ्लॅश मारू नका. लहान मुलांना जवळ घ्या आणि मागे सरका. त्याच्या ओरडण्याने घाबरू नका. कोल्हेकुई ही त्यांची आपसातली हाकाटी आहे.

पण तो लडखडत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, कारण नसताना माणसांवर किंवा कुत्र्यांवर धावून येत असेल, तर तो आजारी आहे असे समजा. बाग बंद करा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. तिथे पकडणे हाच योग्य उपाय आहे आणि ते काम प्रशिक्षित माणसांचेच आहे. मेलेल्या कोल्ह्यालाही हात लावू नका. तपासणीसाठी तो वन विभागाच्या ताब्यात जायला हवा.

चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. लगेच रुग्णालय गाठा. वन्यप्राण्याचा चावा आपल्याकडे सर्वांत गंभीर, तिसऱ्या श्रेणीतला मानला जातो; म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ‘बघू उद्या’ म्हणण्याची इथे सोय नाही, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास वाचतच नाही.

सगळे रहिवाशांनीच करायचे का?

नाही. बागेचे झाकण सोसायटीने लावले, तरी खाडीकाठचा उकिरडा उघडाच राहिला तर कोल्हा तिथून हलणार नाही. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या रक्षणाचा कडक आदेश दिला. तरीही कांदळवनाच्या कडेला राडारोडा आणि कचरा पडतोच. तो थांबवणे, मासळी बाजारांचा कचरा त्याच दिवशी उचलणे आणि कांदळवनालगतच्या पट्ट्यात कुत्र्यांचे लसीकरण प्राधान्याने पूर्ण करणे ही महापालिकांची कामे आहेत. पिंजऱ्यापेक्षा ती स्वस्त नाहीत, पण टिकाऊ आहेत.

लसीने काय साधते, याचा पुरावा युरोपात आहे. तिथे खोकडांमधला रेबीज रोखण्यासाठी त्यांना मारले गेले, बिळांत विषारी वायू सोडले गेले. साथ हटली नाही. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबडीच्या मुंड्यांत लस दडवून ती रानात टाकली. पुढे शेजारी देशांनीही तोच मार्ग धरला आणि पश्चिम युरोपातून हा आजार हटला. जे बंदुकीला जमले नाही, ते लसीला जमले. आपल्याकडे ती सुरुवात कुत्र्यांपासून व्हायला हवी.

बागेत खेळणाऱ्या मुलाच्या आईची भीती खोटी नाही आणि कोणी तिची थट्टा करू नये. पण तिच्या मुलाला सुरक्षित ठेवणार आहे ते लसवलेले कुत्रे, बंद डबा आणि माणसाला बिचकून असलेला कोल्हा. पुढच्या वेळी ग्रुपवर व्हिडीओ आला, तर ‘कोणाला बोलवायचे’ हे विचारण्याआधी खाली जाऊन एकदा कचऱ्याचा डबा पाहून या.