डोकेदुखीचे मूळ सायलेन्सरच्या नळीत

गेल्या ऊस हंगामात माझ्या दवाखान्यात एक ट्रकचालक आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. डोके जड होते, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला थांबत नाही आणि दुपारनंतर झापड येते, अशी तक्रार होती. रक्तदाब ठीक होता. जागरण आणि धूळ हेच कारण असणार असे धरून मी गोळ्या व खोकल्याचे औषध दिले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा हजर. गोळीने तेवढ्यापुरते बरे वाटे. उठता उठता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गंमत बघा. संक्रांतीला चार दिवस घरी होतो, तर काही त्रास नाही. आणि आमच्या क्लीनरचंही डोकं असंच धरतंय."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. दोघांना एकच दुखणे आणि गाडीपासून दूर गेले की आराम, म्हणजे दोष गाडीत शोधायला हवा. मी ट्रक दवाखान्यासमोर आणायला सांगितला. केबिनच्या खाली, इंजिनकडून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा उमटला होता. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटले होते. धूर मागे जाऊन बाहेर पडण्याऐवजी थेट चालकाच्या पायाशी येत होता.

या धुरात आहे तरी काय? नायट्रोजनचे ऑक्साईड डोळे, नाक आणि श्वासनलिका चुरचुरवतात. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. कार्बन मोनॉक्साईड पेट्रोलच्या तुलनेत डिझेलच्या धुरात कमी असतो हे खरे. पण जुने इंजिन, अंगावर भार आणि काचा बंद केलेली केबिन असेल तर त्याला कमी लेखू नये. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हल्ली अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असते. त्या साध्या यंत्राला हा फरक कळत नाही, रक्त बिघडलेले असतानाही ते आकडा चांगलाच दाखवते.

दूरचा धोका वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्याचा संबंध प्रामुख्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाशी आहे. विडी-तंबाखूबद्दल आम्ही डॉक्टर चालकांना कान धरून सांगतो. मात्र दिवसाचे बारा तास ते काय श्वासात घेतात, हे विचारत नाही. ही आमचीही चूक आहे.

मालकांचे उत्तर ठरलेले असते: "पीयूसी आहे ना!" वाचकहो, ती तपासणी नळीच्या शेवटच्या टोकाशी होते. वाटेत गळलेला धूर तिथे पोचतच नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचा दाखला लागतो. त्या वेळी केबिनखालच्या जोडांकडे कटाक्षाने पाहिले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर चालकाने स्वतः पाहावे. सकाळी इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत ते सुरू करून जोडाजवळ फटफट आवाज येतो का ते ऐकावे. जोडावर साबणाचे पाणी टाकले तर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. काजळीचा डाग ही तर हमखास खूण. नळी तापल्यावर हात लावू नये, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीखाली कधीही जाऊ नये.

दुरुस्ती फार मोठी नसते. पॅकिंग गेले असेल तर नवे घालून सर्व बोल्ट सारखे आवळावेत. नळी गंजून चाळण झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा. नळीला आधार देणारे कडे व रबर तुटलेले असेल तर तेही बदलावे, नाहीतर हादऱ्यांनी नवा जोड पुन्हा तडकतो. गिअर आणि पेडलभोवतीची भोके बुजवावीत. पत्र्याचा डबा कापून तारेने आवळणे ही दुरुस्ती नव्हे. अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळणे तर त्याहून वाईट, कारण तिचे तंतू स्वतःच कर्करोगकारक आहेत. जस्त चढवलेली नळी वेल्डिंगला वापरली तर निघणाऱ्या धुराने मिस्त्रीला थंडीताप भरतो. त्याचीही फुफ्फुसे आपल्यासारखीच आहेत.

त्या चालकांचे मालक प्रथम म्हणाले, "हंगाम संपू दे, मग बघू." खेपेवर पोट असलेला माणूस यापुढे काय बोलणार? शेवटी मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले: "नळीचे पॅकिंग बदलणे, केबिनची भोके बुजवणे. याशिवाय गोळ्यांचा उपयोग नाही." चिठ्ठीचा मान राहिला आणि काम एका दिवसात झाले. आठवड्याभराने ते सांगायला आले, डोके थांबले आहे. खोकला थोडा आहे, त्यावर लक्ष ठेवतो आहोत.

घाट उतरताना ज्याला झापड येते, त्याच्या पुढे-मागे एसटी असते, शाळेची रिक्षा असते. मालकांनी ही नळी गाडीच्या खर्चात धरू नये, माणसाच्या औषधात धरावी.