सायकल तपासणी कोणाकडून?

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थ्यांच्या सायकलींची तपासणी करून घ्यायची, ही आपल्या शाळेची जुनी पद्धत आहे. बेळगावचा पाऊस एकदा लागला की हटत नाही. त्याआधी ब्रेक, चेन, चाके एकदा नजरेखालून घातलेली बरी, एवढाच त्यामागचा साधा हेतू. हे काम गेली कित्येक वर्षे कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले मामा करतात. यंदाच्या पालकसभेत काही पालकांनी अशी सूचना मांडली, की हे काम त्यांच्याकडून काढून शहरातल्या एखाद्या मोठ्या शोरूमकडे द्यावे. शोरूममधली मुले गणवेशात असतात, अदबीने बोलतात, छापील पावती देतात. मामा मात्र मळक्या बनियनवर बसलेले, तोंडात तंबाखू, 'या, बसा' म्हणणे नाही, आणि काही विचारले तर मान वर न करता उत्तर. विश्वस्त मंडळाने ही सूचना विचारार्थ ठेवली आहे. निर्णय होण्यापूर्वी एक शिक्षक म्हणून माझे मत येथे मांडतो.

आधी तंबाखूचे बोलू. हा आक्षेप रास्त आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आणि खाणाऱ्याने निदान मुलांसमोर खाऊ नये, हे सांगायला कायद्याची गरज नाही. मामांना तसे सांगितले. 'आवारात येताना चूळ भरून येईन, सर,' एवढेच ते म्हणाले. पावतीचा मुद्दाही योग्य आहे. शाळेने प्रत्येक सायकलीसाठी एक छोटे कार्ड छापावे, त्यावर काय बिघाड सापडला आणि काय दुरुस्त केले याची नोंद वर्गशिक्षकांनी करावी. खर्च फारसा नाही.

हे दोन मुद्दे बाजूला काढले की उरते काय? उरतो तो मळका बनियन, काळे हात आणि कमी बोलणे. यावरून एखाद्या माणसाचे काम चांगले की वाईट हे ठरवायचे असेल, तर आपण मुलांना विज्ञान कशाला शिकवतो असा प्रश्न पडतो. चोखोबांचा उसाचा अभंग आपल्या मुलांना चालीसकट पाठ असतो. सायकलच्या दुकानासमोर उभे राहिल्यावर तो त्यांच्या आईवडिलांना का आठवू नये?

सायकलच्या चेनवर तेल असते, तेलावर रस्त्याची धूळ बसते आणि दोन्हींची मिळून एक काळी लेवी तयार होते. ही लेवी बोटांच्या रेषांत आणि नखांच्या कडेला अशी बसते, की रॉकेल लावून, साबणाच्या पावडरीने घासूनही ती पूर्ण जात नाही. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता ज्या दुरुस्तीवाल्याचे हात स्वच्छ दिसतील, त्याने दिवसभरात सायकली उघडल्या किती, हे मी आधी विचारीन. शेतकऱ्याच्या पायाला माती असली की आपण त्याला अन्नदाता म्हणतो. सायकलवाल्याच्या हाताला ग्रीस असले की 'जरा लांबूनच' म्हणतो.

कमी बोलण्याचेही कारण आहे. चाकाचा आऊट काढताना कारागीर चाक फिरवतो, ब्रेकच्या रबराला रिम कुठे घासते ते पाहतो आणि त्या जागेच्या तारा किंचित आवळतो किंवा सैल करतो. जुन्या उभ्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. आताच्या सायकलींना बहुधा ३६ किंवा त्याहून कमी. यातली एक तार जास्त आवळली तर शेजारच्या दोन-चार तारांवरचा ताण बदलतो. अनुभवी माणूस तार बोटाने छेडून तिच्या आवाजावरून ताण ओळखतो. सतारीच्या तारा जुळवणाऱ्याला मध्येच 'किती वेळ लागेल हो?' असे कोणी विचारत नाही. इथे मात्र विचारतो, आणि उत्तर आले नाही की माणूस उर्मट ठरतो.

सेवा म्हणजे काय, याचीच आपल्याकडे गल्लत होऊ लागली आहे असे मला वाटते. खुर्ची, पाण्याचा ग्लास, 'सर' आणि 'मॅडम', ही चांगली वागणूक झाली. ती मिळाली तर आनंदच आहे. पण सायकलच्या दुकानाकडून ग्राहकाला खरे देणे लागते ते निराळे असते. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजे पैसे सांगणे, बदललेला जुना भाग दाखवणे, सांगितलेल्या वेळेला सायकल देणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक लागतील अशी सायकल देणे. स्टीलच्या चकचकीत रिमवर पाण्याचा थर बसला की रबर घसरते आणि सायकल थांबायला कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या उतारावरून भर पावसात सातवीतली मुलगी दप्तर घेऊन खाली येते, तेव्हा दुरुस्तीवाल्याचा शर्ट इस्त्रीचा होता की नव्हता याचा तिला काही उपयोग नसतो.

काम कसे झाले हे पाहायला पालकांनी मेकॅनिक असण्याची गरज नाही. सायकल उचलून चाक फिरवा; रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर आऊट निघालेला नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलाच्या मुळाशी खडखड वाटली तर तिथले छरे किंवा कोन सैल आहेत. पंक्चर काढल्यावर कारागिराने टायरच्या आतून बोट फिरवले का, ते पाहा. काटा आतच राहिला तर नवीन पॅच चार दिवसही टिकत नाही. आणि नवी सायकल घेताना पेडल बसवणाऱ्याकडे अवश्य लक्ष द्या. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस ते जोर करून बसवतो आणि नव्या कोऱ्या क्रँकचे आटे घरी पोचण्याआधीच खराब होतात. नव्या सायकली दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेल्या येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हँडल, पेडल, पुढचे चाक, ब्रेक हे दुकानातच बसते. म्हणजे कंपनी कितीही नामांकित असली, तरी शेवटचा पाना फिरवणारा माणूस आपल्या गावातला असतो.

याचा अर्थ शोरूममधली टापटीप मुले बिनकामाची, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तोही चेहरा पाहून केलेलाच न्याय होईल. आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी अशा दुकानांत काम करतात. सकाळी दहापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत बहुतेक वेळ उभे असतात. विक्रीला आलेल्या माणसाने शंभर प्रश्न विचारावेत आणि काही न घेता निघून जावे, तरी त्यांनी हसतच 'पुन्हा या' म्हणायचे असते. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यावी, यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. यावरून त्याआधी काय परिस्थिती असेल त्याची कल्पना यावी. या मुलांकडून आपण जे हसू अपेक्षित धरतो, ते त्यांच्या पगारात धरलेले असते. त्यातले काहीजण गिअर आणि डिस्क ब्रेकच्या कामात खरोखर तयार आहेत. तेलाच्या डिस्क ब्रेकची सायकल आली की मामा स्वतःच सांगतात, 'हे माझ्याकडचं काम नव्हे, तिकडे न्या.' स्वतःला काय येत नाही हे गिऱ्हाइकाला सांगणारा कारागीर मला प्रामाणिक वाटतो.

दिसण्यावरून पारख करण्याचा हा रोग काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातच तुमकूर येथे एक शेतकरी मालवाहू गाडी घ्यायला मोठ्या शोरूममध्ये गेला. त्याचे कपडे पाहून तिथल्या विक्रेत्याने त्याची थट्टा केली. खिशात दहा रुपये तरी असतील का, अशा अर्थाचे बोलणे झाले. शेतकरी मित्रांसह गेला आणि तासाभरात दहा लाख रुपये रोख घेऊन परत आला. मग शोरूमलाच गाडी त्या दिवशी देता येईना. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, माफी मागितली गेली, देशभर चर्चा झाली. ती बातमी वाचून आपण सगळे त्या शेतकऱ्याच्या बाजूने झालो. पण विक्रेत्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने आपण फुटपाथवरच्या दुरुस्तीवाल्याकडे पाहतो, हे त्यावेळी किती जणांच्या लक्षात आले?

बेळगावकरांनी तरी सायकलच्या दुकानाला कमी लेखू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींच्या विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो, ती या दुकानापासून. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मास्तरकी सोडून सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या काळच्या पांढरपेशा समाजात काय ऐकून घ्यावे लागले असेल, याचा अंदाज करता येतो. त्यांच्या नावाचा रस्ता आज आपल्या शहरात आहे. त्यावरून जाणाऱ्या किती मुलांना हा इतिहास माहीत आहे, ते शिक्षकांनी एकदा वर्गात विचारून पाहावे.

अमेरिकेतल्या डेटन गावच्या राइट बंधूंचे सायकल दुकान तर सर्वांना माहीत असते. पण १९०१ मध्ये त्या दुकानात कामाला लागलेल्या चार्ली टेलर या कारागिराचे नाव क्वचितच कोणी घेते. १९०३ च्या विमानाचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्याने सहा आठवड्यांच्या आसपास घडवले, तेही दुकानातल्या मोजक्या यंत्रांवर. फोटोत कोट-टायमध्ये दिसतात ते राइट बंधू.

आता आपल्या घरातले पाहू. मुलगा दुकानात जाऊन 'ए, हवा भर रे' असे आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाला म्हणतो, तेव्हा ते त्याने पुस्तकात वाचलेले नसते. बाबांनी गाडीच्या खिडकीतून तसे म्हटलेले त्याने ऐकलेले असते. आपल्या गावात मराठी, कन्नड, उर्दू अशा तीन भाषांत दुकाने चालतात. त्यामुळे काका म्हणा, मामा म्हणा, अण्णा म्हणा, चाचा म्हणा; यांतले काहीही चालेल. 'ए पंक्चरवाले' चालणार नाही. उलट बाजूने, दुरुस्तीवाल्यानेही मुलांशी खेकसून बोलू नये, ही अपेक्षा ठेवण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे, आणि तसे झाले तर शाळेला जरूर कळवावे. पण खेकसणे वेगळे आणि कामात गढलेले असणे वेगळे.

हा प्रश्न मला एवढा का टोचतो, तेही सांगून टाकतो. दरवर्षी एस.एस.एल.सी.नंतर आपली काही मुले आय.टी.आय.ला जातात, काही उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मशिनशॉपमध्ये लागतात, काही गॅरेजमध्ये. ही मुले रस्त्यात भेटली की हात पाठीमागे लपवतात. एकाने तर मला नमस्कार करायचे टाळून मान वळवली होती. नंतर विचारले तेव्हा म्हणाला, 'सर, कपडे खराब होते.' हाताच्या कौशल्यात तो वर्गात सर्वांच्या पुढे होता. शाळेत असताना फळ्यावर 'श्रमप्रतिष्ठा' हा सुविचार त्याने कितीतरी वेळा लिहिला असेल. त्याच शाळेने कोपऱ्यावरच्या कारागिराला कपड्यांमुळे काढून टाकले, असे त्याच्या कानावर गेले, तर त्या सुविचाराचा तो काय अर्थ घेईल?

पैशाविषयीही थोडे बोलावे लागेल. पंक्चरच्या पैशात पाच-दहा रुपये कमी करून घेण्यासाठी घासाघीस करणारे आपण, मॉलमध्ये छापील किमतीला काही न बोलता पैसे देतो. फुटपाथवर दिलेला भाव हा भाव नसून सुरुवात आहे, असे आपण धरून चालतो. शाळेच्या तपासणीचा दर गेल्या अनेक वर्षांत वाढलेला नाही, आणि मामांनी तो मागितलेलाही नाही. विश्वस्तांनी त्याचा विचार करावा.

माझी सूचना अशी आहे. साध्या सायकलींची तपासणी पूर्वीप्रमाणे मामांकडे ठेवावी. गिअर आणि डिस्क ब्रेकच्या सायकलींसाठी शोरूममध्ये काम करणाऱ्या आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला त्याच दिवशी बोलवावे. दोघांनाही दर आधी ठरवून द्यावा, दोघांच्याही कामाची नोंद कार्डावर व्हावी. दुसरे म्हणजे, आठवीच्या कार्यानुभवाच्या दोन तासिका या तपासणीला जोडाव्यात. पंक्चर काढणे, चेनला तेल देणे, ब्रेकचे रबर बदलणे हे मुलामुलींनी बसून शिकावे. मुलींनी तर नक्कीच; संध्याकाळी क्लासहून येताना चेन निघाली तर ती बसवता आली पाहिजे. मामांना याबद्दल विचारले. शिकवायला ते तयार आहेत. त्यांची अट इतकीच आहे, की घेतलेला पाना मुलांनी पुसून जागच्या जागी ठेवायचा.