बंदूक दिली, शिकवलं कोणी?

गेल्या महिन्यात घरच्या एका मुंजीत माझ्या बहिणीच्या नातवाचा विषय निघाला. पोरगा अग्निवीर म्हणून भरती झालाय. सगळे कौतुक करत होते. आमचे एक भाऊजी (नाव घेत नाही, ते हा ब्लॉग वाचतात!) पानाला चुना लावता लावता म्हणाले, "आता काय काळजी? नवीन एके-२०३ आल्यात. कलाश्निकोव्ह ती, चिखलात पडली तरी चालते. नेम धरायचा, चाप ओढायचा. त्यात एवढं शिकवायचं काय?"

मी म्हटलं, "शिकवावं लागतं, भाऊजी."

तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं?"

खरं आहे. काही कळत नाही. आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, हातात खडू सोडून दुसरं हत्यार आलं नाही. पण शिकवण्यातलं थोडं कळतं. आणि "शिकवायचं काय त्यात?" हे वाक्य माणसं मारतं, हे इतिहासात वाचलेलं आहे. त्या दिवशी पंगत उठत होती म्हणून गप्प बसले. आज सांगते.

अमेरिकेने व्हिएतनाममध्ये एम-१६ नावाची रायफल नेली. वजनाला हलकी, काडतूस छोटं, त्यामुळे सैनिकाला जास्त गोळ्या बाळगता येत. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात मोठी लढाई झाली, तिथे या रायफलीने उत्तम काम दिलं. झालं! सेनापती वेस्टमोरलंड यांनी लगेच व्हिएतनाममधल्या सगळ्या अमेरिकन सैनिकांसाठी हीच रायफल मागितली. पण इया द्रांगला लढलेल्या तुकडीने ती रायफल मायदेशात असल्यापासून हाताळलेली होती. तिची सवय होती, तिची निगा ठाऊक होती. कौतुक रायफलीचं झालं, तालमीचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे जे सैनिक गेले त्यातले कित्येक मायदेशी जुन्या एम-१४ वर शिकलेले. व्हिएतनामला उतरल्यावर हातात पडली एम-१६. त्यात कुठूनशी बातमी पसरली की ही नव्या तंत्राची रायफल आहे, हिला साफसफाई लागत नाही, ती आपली आपण स्वच्छ राहते. सफाईचा गज आणि बाकीचं सामान पुरेसं पोचलंच नव्हतं, तेव्हा ही बातमी खरी वाटायला हरकत नव्हती. दरम्यान वरच्या मंडळींनी काडतुसातली दारू बदलली होती. (बंदुकीची दारू, भाऊजी!) नव्या दारूने रायफल ठरल्यापेक्षा वेगाने गोळ्या झाडू लागली आणि आत मळही जास्त धरू लागली. जिथे काडतूस बसतं त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंज चढे. मग गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी आतच अडकून बसायची. ती काढायची तर नळीच्या तोंडातून गज घालून ठोकायची. आणि गज कुठे होता?

१९६७ च्या मार्च-एप्रिलमध्ये मरीन सैनिकांना ही रायफल मिळाली, आणि एप्रिल-मेमध्ये ते खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढत होते. त्यातल्या एकाचं घरी लिहिलेलं पत्र पुढे अमेरिकन संसदेत वाचून दाखवलं गेलं. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली उघडलेल्या सापडल्या, असं त्यात होतं. म्हणजे शत्रू अंगावर येत असताना ती पोरं रायफल खोलून पुंगळी काढायची धडपड करत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. अठरा-वीस वर्षांची मुलं हो. आमच्या बारावीच्या वर्गातून नुकती बाहेर पडलेली असतात तेवढी.

आणि यावर अधिकाऱ्यांचं पहिलं उत्तर काय होतं? सैनिक रायफलीची निगा राखत नाहीत!

इथे माझं डोकं फिरतं. ज्याला शिकवलं नाही, सामान दिलं नाही, उलट गरज नाही असं ज्याच्या कानावर पडू दिलं, त्यालाच नापास करायचं. पुढे खासदार इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात मुख्य दोष बदललेल्या दारूवर ठेवला. तो वेळेत न सुधारणारी सेनाधिकाऱ्यांची कसूर गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवर जाते, असंही स्पष्ट म्हटलं. चेंबरला क्रोम आला, सफाईचं सामान आलं, आणि १९६८ मध्ये सैनिकांसाठी एक पुस्तिका निघाली. ती कोणी काढली असेल? विल आयस्नर नावाच्या नामांकित चित्रकथाकाराने! चक्क कॉमिक. थोडं चावटही आहे, आमच्या शाळेत चाललं नसतं. पण ज्याने कोणी ते ठरवलं त्याला शिकवणं म्हणजे काय ते कळलं होतं. पोरगं जे आवडीने वाचतं त्यातून त्याला शिकवायचं. तीच रायफल मग सुधारली, आणि तिच्याच घराण्यातल्या रायफली त्या सैन्यात पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकल्या.

"मग तालीम दिली की झालं," असं कोणी म्हणेल. नाही, तेवढ्यानेही होत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नवी एनफील्ड रायफल आली तेव्हा कंपनी सरकारने शिकवणीची सोय केली होती. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली. पण जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या शिपायांनी काडतुसाला कसली चरबी लावली आहे, असं विचारलं, तेव्हा सरळ, वेळेवर उत्तर मिळालं नाही. काडतूस दाताऐवजी हाताने फाडायची कवायत काढली, तोवर विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठच्या कवायतीत ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांना शिक्षा झाली, बेड्या पडल्या, आणि १० मेला मेरठ उठलं. उठावाची कारणं पुष्कळ होती, मी वर्गात ती सगळी लिहून घेत असे. पण विद्यार्थ्याचा प्रश्न न ऐकणाऱ्या मास्तरची गोष्ट म्हणूनही मी १८५७ शिकवलं आहे.

आता घरचा अनुभव. मी नोकरीत असताना आमच्या शाळेत संगणक आले. नारळ फुटला, फोटो निघाला. शिक्षकांना शिकवणी मिळाली अर्धा दिवस, त्यातला निम्मा चहा-बिस्किटात. खोलीला कुलूप लागलं. दोन वर्षांनी तपासणीचा शेरा आला, "शिक्षक उदासीन आहेत." तो शेरा मला अजून टोचतो. आमचं नुकसान काय, एक शेरा. सैनिकाला मात्र शेरा वाचायलाही राहता येत नाही.

आपल्या सैन्याला शिकवता येत नाही, असं मी म्हणत नाही. माझा एक विद्यार्थी सुभेदार होऊन निवृत्त झाला. दिवाळीला आला की सांगतो, "बाई, उस्ताद डोळे बांधून हत्यार खोलायला-जोडायला लावायचा. रात्री कळलं की का लावायचा." उत्तम! प्रश्न पद्धतीचा नाही, वेळेचा आणि मनाचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला. अमेठीजवळ कोरवाला त्या बनतात. इन्सासचं काडतूस ५.५६ मिलिमीटरचं, हिचं ७.६२ चं. धक्का वेगळा, नेम धरण्याची सवय वेगळी. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच धरलेलं. जुन्या शिपायाला हातातली सवय मोडून नवी लावायला काही वर्षं असत, या पोराला ती नाहीत. म्हणून त्याच्या शिकवणीतला एक तासही कोणी "त्यात काय एवढं" म्हणून कापू नये.

आणि भाऊजी, "चिखलात पडली तरी चालते" आणि "आपली आपण स्वच्छ राहते" यांत मला फार फरक दिसत नाही. रायफल कितीही दणकट असो, चिंधी फिरवायला हात लागतो, आणि त्या हाताला कोणीतरी शिकवावं लागतं.

यापुढे नव्या हत्याराचा फोटो पेपरात आला की किंमत आणि पल्ला वाचून थांबू नका. सरावाला गोळ्या किती मिळणार, सफाईचं सामान बरोबर जाणार का, उस्तादांना आधी कोणी शिकवलं, आणि पोराने "हे अडकतंय" म्हटलं तर ऐकणारं कोण, हे विचारा. कर आपण भरतो, पोरं आपली जातात. विचारायला बंदुकीतलं कळावं लागत नाही.

नातू पहिल्या सुट्टीवर आला की मी त्याला एवढंच विचारणार आहे, "बाळा, नीट शिकवतात ना रे? शंका विचारू देतात ना?"

त्याचं उत्तर इथे लिहीनच. भाऊजी, तुम्हीही वाचा.