टिळकांच्या भजनांचे काय करायचे?

नागपूरहून गोंदियावरून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी समीक्षेने मात्र त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ ठरवून हा प्रवास गोंदियाच्या अलीकडेच थांबवला. ‘वनवासी फूल’ वर्गात, भजने चर्चमध्ये, अशी सोयीस्कर वाटणी झाली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ धर्मांतराची किंमत सांगतात म्हणून समीक्षक ती डोक्यावर घेतात. ती किंमत ज्या श्रद्धेपायी मोजली गेली, तिचे गाणे मात्र ऐकत नाहीत.

या वाटणीमागचा निकष तपासला गेलेला नाही. तुकोबांच्या विठ्ठलाचा आस्वाद श्रद्धेविनाही घेता येतो. टिळकांचा ख्रिस्त समोर येताच तोच आस्वादक ‘प्रचार’ हा शब्द उच्चारतो. कृतज्ञता एकसुरी, तीत ताण नाही, असेही म्हटले जाते. वस्तुतः उपासक आभार मानतो ते देणे फिटणार नाही हे जाणूनच. अभंगातील पुनरुक्ती या न फिटणाऱ्या देण्यातूनच येते. म्हणून अभंग हा टिळकांचा उसना अंगरखा नव्हे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच ख्रिस्तकथा ओवीत गायिली होती.

सर्वच भजने सारखी उतरली नाहीत, हे खरे. पण निवडण्यासाठी ती आधी वाचावी लागतात. भक्ती काव्याला बाधक असेल तर तुकोबाही बाद. नसेल तर ही भजने बाहेर ठेवण्यास वाङ्मयीन कारण उरत नाही. उरते ते धर्माचे कारण, आणि ते समीक्षेचे नव्हे.