अर्ज बाद करणारं वाक्य

१. भादली बुद्रुक हे जळगाव जिल्ह्यातलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अंजली पाटील यांनी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून छाननीत तो बाद झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, म्हणजे आपल्याच शहरात आलं. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. गावानं मतं दिली, अडवलं ते कागदानं. ‘समाज अजून तयार नाही’ असं सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी भादलीचा निकाल जरूर पाहावा.

२. त्याच आदेशात अंजली यांची एक हमीही नोंदवली आहे: लाभाच्या मोहानं पुढे आयुष्यात पुरुष म्हणून दावा करणार नाही. वैद्यकीय कारणाचा अपवाद तेवढा ठेवला आहे. निकाल मोलाचाच आहे, तरी ही हमी बोचते. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बाईला आपल्या हेतूची ग्वाही द्यावी लागते? नियमात असं वाक्य शिरलं की खिडकीवरचा कारकून आधी संशय घेतो, मग कागद बघतो. रांगेतली माणसंही ते ऐकत असतात आणि तोच संशय घरी घेऊन जातात.

३. कागदाची अडवणूक इतरत्रही दिसते. राज्याच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय होते. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला फटकारल्यावर तिसरा आला.

४. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१९ च्या कायद्यानंच त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त २ वर्षांची शिक्षा ठरवली. महिलेवरील बलात्काराला किमान १० वर्षं आहेत. ठाण्यात तक्रार घेणारा हवालदार हा फरक वाचतो, आणि समोरच्या माणसाच्या वेदनेची किंमत त्यावरूनच ठरवतो. सन्मानाची कितीही कलमं आधी लिहा, हे एक कलम त्यांवर पाणी फिरवतं.

५. म्हणून महापालिका, घाटी रुग्णालय आणि विद्यापीठ यांच्याकडे मागणी साधी आहे. व्यक्तीनं सांगितलेली ओळख ग्राह्य धरा. पुरावा कायद्यानं लागतो तिथंच मागा, आणि का लागतो तेही अर्जावर छापा. ‘गैरवापर टाळण्यासाठी’ हे शब्द फक्त तृतीयपंथीयांसाठीच्या परिपत्रकात घालू नका. मसुदा आधी शहरातल्या तृतीयपंथी कार्यकर्त्यांपुढे वाचा, त्यांच्या हरकती लिहून घ्या, मगच सही करा.