गुलाबी फीत आणि दहा रुपयांचा अर्ज

ऑक्टोबर आला की महानगरांतील उंच इमारतींवर गुलाबी रोषणाई होते. सौंदर्यप्रसाधने आणि विमा विकणाऱ्या कंपन्या गुलाबी फिती वाटतात, सकाळच्या शर्यती भरवतात, स्तनांच्या कर्करोगाविषयी 'जागरूक राहा' असा उपदेश स्त्रियांना करतात आणि नोव्हेंबरात आपापल्या धंद्याला लागतात. उपदेश खोटा नाही. पण तो अपुरा आहे, आणि त्याचे हे अपुरेपण निरुपद्रवी मानता येणार नाही. रोग उशिरा सापडला तर दोष स्त्रीच्या अज्ञानाचा, हा निवाडा त्यात आधीच देऊन टाकलेला असतो. शासन सुटते, मालक सुटतो, नवरा सुटतो.

खुद्द फितीचा इतिहासही बोलका आहे. १९९०च्या दशकारंभी शार्लट हेली नावाच्या अमेरिकन स्त्रीने घरी बसून फिकट केशरी फिती तयार केल्या. तिच्या कुटुंबातील तीन स्त्रियांना हा रोग झाला होता. सरकारी कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातील जेमतेम पाच टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, लोकप्रतिनिधींना जाब विचारा, असा मजकूर छापलेले कार्ड ती फितींसोबत जोडत असे. एका स्त्रियांच्या मासिकाने आणि प्रसाधन कंपनीने ती फीत मागितली. हे व्यापारी काम आहे म्हणून तिने नकार दिला. तेव्हा वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलण्यात आला. १९९२ साली फीत गुलाबी झाली आणि जाब विचारणारे कार्ड गळून पडले.

आता प्रश्नाच्या मुळाशी जावयास हवे. रोग स्तनापुरता मर्यादित असताना सापडला, तर भारतातसुद्धा पाच वर्षांनंतर शंभरातील ऐंशीच्या आसपास स्त्रिया हयात असतात. तो शरीरात अन्यत्र पसरल्यावर सापडला, तर वीसही उरत नाहीत. म्हणजे मरण बव्हंशी ठरते ते उशिरामुळे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. आणि हा उशीर कोणाच्या वाट्याला येतो? कष्टकरी स्त्री दवाखान्यात जाते ती दुखू लागले म्हणजे. तेही कामावर उभे राहवेनासे झाले म्हणजे. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. कातडीला खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे ही लक्षणे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलीच पाहिजेत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तिला तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. नाही तर भीतीनेच ती गाठ लपवते. परंतु सांगून थांबणे ही फसवणूक होय.

ह्याला पुरावा आहे, आणि तो कामगार स्त्रियांनीच दिलेला आहे. शांघायमधील ५१९ कारखान्यांशी संबंधित २ लाख ६६ हजार स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना स्वतःचे स्तन स्वतः तपासण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. २००२ साली अंतिम निष्कर्ष आले : शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या स्त्रियांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. तपासणीचा सारा भार एकट्या स्त्रीवर टाकून भागत नाही, एवढे तरी त्यातून निघते.

मग भागते कशाने? ह्याचे उत्तर शोधायला शांघायपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ते परळला मिळते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वीस वस्ती-गटांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या गटांतील स्त्रियांना कर्करोगाची माहिती एकदा देण्यात आली, तपासणी नाही. एका बाजूला जागृती आणि हात, दुसऱ्या बाजूला नुसती जागृती, अशीच ती तुलना होती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या जागृतीच्या गटात कर्करोग झालेल्या शंभरातील ४७ जणींचा रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडला. हाताने तपासलेल्यांत ३७ जणींचा. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत अशी घट दिसली नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण कामगार चळवळीला फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही. ह्यासाठी लाखो रुपयांचे मॅमोग्राफी यंत्र लागले नाही; लागला तो शिकवलेल्या स्त्रीचा हात. ज्या ७६ हजार गरीब स्त्रिया तुलनेसाठी तपासणीवाचून राहिल्या, त्यांचे ह्या देशावर ऋण आहे, आणि ते अजून फेडलेले नाही.

शासनाला हे कळत नाही असे नव्हे. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीचे स्तन दर पाच वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्याने तपासावेत, असे मार्गदर्शन केंद्र सरकारने २०१६ सालीच काढले. कागद उत्तम आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती स्त्रियांची अशी तपासणी झाली होती? ०.९ टक्के. हजारात नऊ! येथे कोविडची सबब पुढे केली जाईल. पण पाहणीतला प्रश्न 'आजवर कधी तरी' असा होता.

ह्या कागदाचे ओझे वाहते कोण? आशा. ती घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज भरते. स्तनात गाठ आहे का, स्राव होतो का, आकार बदलला का, हे प्रश्न त्या अर्जात आहेत. शेजारणीला असे प्रश्न विचारता यावेत यासाठी जो विश्वास लागतो, तो तिने वर्षानुवर्षांच्या पायपिटीने कमावलेला असतो. त्याचे मोल केंद्राने ठरवले अर्जामागे दहा रुपये. तिला कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. म्हणून किमान वेतनही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे नेमक्या गुलाबी महिन्यात, महाराष्ट्रातील आशा बेमुदत संपावर गेल्या. आश्वासन मिळाले, पाळले गेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कोठे मार्चमध्ये पाच हजारांची वाढ पदरात पडली. फिती वाटणाऱ्या कंपन्यांपैकी कोणी त्यांच्यासाठी एक शब्द काढल्याचे ऐकिवात नाही.

सार्वजनिक तपासणी नसेल तेथे भीतीचा बाजार भरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खासगी डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, असे त्यांतील अनेकींनी सांगितले. कर्करोग हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता असे कोण म्हणेल? पोचली नव्हती ती तपासणी. आणि ह्याच स्त्रिया ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडून फडावर जातात. गावच्या उपकेंद्रात शिबिर भरते तेव्हा त्या कोपीत असतात.

घरातल्या सत्तेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. गाठ लागल्याचे बाई प्रथम लाजेने दडवते, मग सासूला सांगते, मग नवऱ्याच्या सवडीची वाट पाहते. नवरा पक्षाचा सभासद असला म्हणून चित्र पालटते असे नाही. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत बोनस असतो, महागाई भत्ता असतो. पगारी सुटीसह स्तनतपासणी अभावानेच आढळते. 'तो बायकांचा प्रश्न, महिला आघाडी पाहील' असे म्हणणारे पुरुष कार्यकर्ते डाव्या चळवळीत थोडे नाहीत.

म्हणून तालुक्यातालुक्यातील शाखांनी ह्या वर्षी फिती न वाटता उपकेंद्राच्या दारात जावे आणि हिशेब मागावा. किती अर्ज भरले हे विचारू नये. तो आकडा मोठाच असतो. तीस ते पासष्ट वयाच्या किती स्त्रियांचे स्तन प्रत्यक्ष तपासले, किती जणींना गाठ आढळली, त्यांतील किती जणी मोठ्या रुग्णालयात पोचल्या, हे विचारावे. पहिल्या भेटीपासून साठ दिवसांत निदान व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली उद्दिष्ट ठेवले आहे. तालुक्यात किती दिवस लागतात आणि त्या दिवसांची मजुरी व एस.टी.चे भाडे कोण देते, ह्याचे उत्तर लेखी घ्यावे. ऊसतोडीच्या मुकादमांकडून आणि साखर कारखान्यांकडून फडावरच तपासणीची सोय मागावी. आणि कार्यकर्तीने उपकेंद्राची तपासणीची खोली स्वतः आत जाऊन पाहावी : तेथे पडदा आहे काय, तपासायला स्त्री कर्मचारी आहे काय, आणि दाराला आतून कडी लागते काय.