थेंबे थेंबे साठवणाऱ्यालाच मज्जाव

ब्रिटनमधील बँका व बिल्डिंग सोसायट्या चढ्या व्याजाची, हवे तेव्हा पैसे काढता येणारी बचतखाती मर्यादित काळ खुली ठेवतात. पुरेशा ठेवी जमल्या की योजना बंद होते. अनेक योजनांत मग जुन्या खातेदारालाही भर घालता येत नाही. पहिल्याच दिवशी हजारो पौंड ओतणाऱ्या धनिकाला साऱ्या रकमेवर ते व्याज मिळते. आठवड्याच्या मजुरीतून दहा पौंड वाचवणाऱ्या कामगाराला मात्र दार बंद! नियम सर्वांना सारखा, असे समर्थन केले जाते. विषम स्थितीतील माणसांना लावलेला सारखा नियम म्हणजे अन्यायच होय. १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये पहिली बिल्डिंग सोसायटी उभी राहिली, ती सभासदांच्या नियमित वर्गणीवर. सभासदांच्या मालकीच्या संस्थांनी तरी छोटा मासिक भरणा योजना बंद झाल्यावरही स्वीकारलाच पाहिजे.